अर्धा चमचा साखर आणि खाडीचा जिताडा

आमच्या घरात मासा जिवंत असा फार वेळ राहत नसे. टोपलीतून आला की आयच्या विळीवर, तिथून तव्यावर नाहीतर बाजारात. त्यामुळे मी चार फुटांची काचेची टाकी करून आणली, तिच्यात खारं पाणी भरलं आणि मासे पोसायला लागलो, तेव्हा कळव्याच्या खाडीकाठच्या आमच्या अख्ख्या कोळीवाड्याला फुकटची करमणूक मिळाली. कोळ्याच्या पोरानं मासा पाळायचा आणि खायचा नाही, हे कुणाच्या गळी उतरेना. येणारा-जाणारा दारात थांबून विचारायचा, "काय रे, माशाचं बारसं कधी?" मी म्हणायचो, "तुला आमंत्रण नाय. तू येताना विळी घेऊन येशील."

माझा स्वभाव पहिल्यापासून असाच. कुणी 'करू नको' म्हणालं की माझे हात शिवशिवायला लागतात. आय म्हणायची, याला पोटातच कुणीतरी नको म्हटलं असणार, म्हणून हा आला.

पण टाकी मी हौसेखातर आणली नव्हती. माझे वडील, आम्ही त्यांना बा म्हणायचो, जन्मभर खाडीत जाळं टाकत आले. माझ्या लहानपणी बोयी, शिंगाळ्या, कोळंबी, चिंबोऱ्या घरात तुडुंब असायच्या, आणि नशीब असेल त्या दिवशी जिताडा. जिताडा आला की बा होडीतूनच हाळी द्यायचा. मग ऐंशीनंतर कधीतरी मासळीला रॉकेलसारखा वास यायला लागला. आय ठाण्याच्या बाजारात बसायची. तिची वर्षानुवर्षांची गिऱ्हाइकं दुसऱ्या दिवशी येऊन म्हणायला लागली, "मावशी, कालच्या माशाला वास होता हो." आय त्यांच्याशी कचाकचा भांडायची आणि घरी येऊन गप्प बसायची, कारण वास तिलाही आला होता. पुढे वाससुद्धा येईना, कारण मासाच येईना. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बानं होडी विकली.

होडी ज्याला विकली तो दुसऱ्या दिवशी न्यायला येणार होता. बा आदल्या दिवशी एकटाच खाडीत गेला आणि एका डब्यात जिताड्याची पाच पिल्लं घेऊन आला. बोटाएवढी. दोन वर्षांत कुणी पिल्लू पाहिलं नव्हतं. बानं डबा अंगणात ठेवला, लोक येऊन बघून गेले, आणि मग तो मला म्हणाला, "आता हयांचा काय करू?"

"सोड परत खाडीत."

"मराला?"

मी म्हणालो, "मी जगवतो." बा माझ्याकडे बघून नुसता हसला. ते हसणं मला लागलं. त्या क्षणापासून माझं एकच चाललं होतं की ही पिल्लं जगली पाहिजेत. खाडीचं आता काही जगत नाही, असं ते हसणं म्हणत होतं, आणि तेच मला खोटं पाडायचं होतं.

आता गंमत अशी की जिताडा गोड्या पाण्यातही जगतो. तळ्यात, विहिरीत, कुठेही. बानं ते मला पहिल्या दिवशीच सांगितलं. "नलाचा पानी भर नि बस." पण मी हट्टाला पेटलो होतो. ज्या पाण्यात तो जन्मला तशाच पाण्यात तो वाढला पाहिजे, खाऱ्या पाण्यात. नळाच्या पाण्यात वाढवून मी काय सिद्ध करणार होतो? माझा मामा वसईच्या पलीकडे समुद्रावर राहायचा. तिथून मी प्लास्टिकच्या कॅनमध्ये पाणी आणायला लागलो. महिन्यातून एकदा, कधी दोनदा. कॅन उचलून उचलून खांद्याला गाठ आली.

पाच पिल्लांची महिनाभरात दोन झाली. मेली नाहीत, एकमेकांना खाल्लं. जिताड्याची जातच तशी, मोठा असेल तो लहान असेल त्याला गिळतो. उरलेली दोन सारख्या मापाची होती म्हणून वाचली. आणि ती खायची म्हणजे काय खायची! आय कोळंबी सोलायची, त्यातली डोकी-शेपट्या त्यांना टाकायची, तोंडानं शिव्या देत. "बाजाराला न्यायचा माल तुमच्या मेव्हन्यांना घालते," म्हणायची, आणि चांगली दोन कोळंब्याही त्यात असायच्या.

जेवढं खाणं तेवढी घाण. सहा महिन्यांत टाकीचं पाणी पिवळट झालं. काचेवर हिरवं शेवाळ धरलं, पुसलं तरी तिसऱ्या दिवशी पुन्हा, वर बुळबुळीत थर. वास यायला लागला. मासे खायचे कमी झाले आणि कोपऱ्यात जाऊन उभे राहायला लागले. अशा वेळी उपाय एकच, पाणी बदलायचं. पण समुद्र काही माझ्या मोरीत नव्हता. महिन्याला चार कॅननी काय होणार? बा काचेपुढे उभा राहून म्हणाला, "आपल्या खारीसारखीच जाली ही पन." म्हणजे आपल्या खाडीसारखीच. असलं बोलणं तो मुद्दाम माझ्या पाठीमागून करायचा.

मी नोकरी कुठे करत होतो हे आता सांगायला हवं, आणि ते सांगायची मला लाज वाटते. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत रंग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी सांडपाण्याच्या प्लँटवर ऑपरेटर होतो. बारावी सायन्स झालो होतो, पुढे शिकायला जमलं नाही, आणि मिळाली ती नोकरी घेतली. ज्या पाण्यानं बाची खाडी नासली त्याच पाण्यावर माझा पगार होता. कारखान्यामागचा नाला कधी लाल वाहायचा, कधी जांभळा, आणि तो नाला शेवटी खाडीलाच मिळायचा. बानं मला याबद्दल कधी एक शब्द विचारला नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

प्लँट म्हणजे सिमेंटचा मोठा हौद. त्यात दिवसरात्र ब्लोअरनं हवा सोडलेली, आणि पाण्यात जिवाणू. हे जिवाणू घाण खातात, वाढतात, मग त्यांचा गाळ खाली बसवून काढून टाकायचा, आणि वरचं पाणी सोडायचं. निदान कागदावर असं होतं. जिवाणू मरगळले की त्यांना खायला घालावं लागे. शेण, युरिया आणि गूळ. पहिल्याच आठवड्यात मला गुळाच्या ढेपा फोडायला बसवलं, तेव्हा मी विचारलं होतं, प्रसाद कुठल्या देवाचा?

लॅबमध्ये एक केमिस्ट मॅडम होत्या. पुण्याकडच्या, शुद्ध बोलणाऱ्या, कुणालाही 'अरे-तुरे' करताना आधी परवानगी घेतील अशा. एकदा मी त्यांना विचारलं की गुळानं घाण वाढेल की कमी होईल? त्या म्हणाल्या, "जिवाणूंचं जेवण आपल्या ताटासारखं असतं. नुसता भात चालत नाही, नुसतं वरणही चालत नाही. युरिया म्हणजे त्यांचं वरण आणि गूळ म्हणजे भात. जे कमी असेल ते आपण वाढायचं, म्हणजे ते दोन्ही संपवतात."

हौदाच्या कट्ट्यावर उभं राहून मी ते ऐकलं आणि माझ्या डोक्यात टाकी आली. माझ्या टाकीत वरण उतू चाललं होतं. माशांच्या घाणीचं शेवटी जे नायट्रेट होतं ते, आणि फॉस्फेट, हेच तर साठलं होतं. त्यावरच शेवाळ पोसत होतं. भात नव्हता. मग नुसता भात वाढला तर? जिवाणू तो खातील, खाताना नायट्रेटही ओढतील, आणि मग जिवाणूच काढून टाकले की घाण त्यांच्याबरोबर बाहेर. प्लँटच्या उलट, पण प्लँटचंच.

मी मॅडमना सांगितलं. त्यांनी ते कागदावर मांडून बघितलं. मग म्हणाल्या, "चूक काही दिसत नाही. पण मासे तुमचे आहेत." परवानगी मिळाली असं मी धरलं. त्या दिवसापासून मी घरून टाकीच्या पाण्याची बाटली नेऊ लागलो आणि काम संपल्यावर मॅडम ती तपासू लागल्या. पाण्यात औषध टाकलं की पिवळा रंग चढायचा. जितका गडद तितकं नायट्रेट जास्त. माझी पहिली बाटली हळदीच्या दुधासारखी पिवळी झाली.

मी घरी जाऊन गूळ घातला. प्लँटवर गूळ, म्हणून घरी गूळ. अक्कल म्हणून ती इतकीच. दोन दिवसांत टाकीचं पाणी चहा झालं आणि आयनं विचारलं, "आता दूद कवा घालतस?" मग साखरेवर आलो. रोज सकाळी अर्धा चमचा, वाटीभर पाण्यात विरघळवून. जिवाणू काढायला मी एक नळी तयार केली. दोन फुटांचा प्लास्टिकचा पाइप टाकीत उभा, त्याच्या बुडाशी लाकडाचा ठोकळा लावून त्याच्या बारीक छिद्रांतून पंपाची हवा सोडलेली. बारीक बुडबुड्यांचा फेस जिवाणूंना चिकटवून घेऊन पाइपातून वर चढायचा आणि कापलेल्या बरणीत पडायचा. पहिले आठ दिवस फेस पांढरा. मग तपकिरी, वाईट वासाचा. तो वास आल्यावर मला इतका आनंद झाला की मी बरणी बाच्या नाकाशी नेली. बा म्हणाला, "लांब कर."

पुढे कित्येक वर्षांनी कुणीतरी सांगितलं की परदेशात लोक हेच काम व्होडका घालून करतात. तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं ते बरं झालं. आमच्या कोळीवाड्यात ती बाटली टाकीपर्यंत पोचलीच नसती.

महिनाभर असं चाललं. बाटलीचा रंग थोडा उतरला, पण थोडाच. मला घाई झाली. शिवाय माझ्या पाळ्या बदलत्या, कधी साखर घालायची राहायची. तेव्हा मी ठरवलं की आठवड्याचा हिशोब एकदम शुक्रवारी मिटवावा. आमच्या औद्योगिक वसाहतीला सुट्टी रविवारी नसे, शुक्रवारी असे. विजेचा तुटवडा होता, म्हणून वेगवेगळ्या वसाहतींचे कारखाने वेगवेगळ्या दिवशी बंद ठेवायचे. आमच्या वाट्याला शुक्रवार आला होता. त्या दिवशी मी घरी, वेळच वेळ. सकाळी सहाला मी चार चमचे साखर विरघळवून टाकीत ओतली, एक कप चहा प्यायलो आणि कॅन घेऊन मामाकडे निघालो.

आता यातली चूक कुणाच्याही लक्षात येईल, माझ्याच आली नाही. मला सुट्टी होती ती वीज नव्हती म्हणून. आणि विजेची माणसंही कारखाने बंद बघून त्याच दिवशी तारांची दुरुस्ती काढायची, त्यात आमच्या वस्तीची लाइनही जायची, दर शुक्रवारी नाही पण महिन्यातून एकदोनदा. प्लँटवर मी गूळ घालायचो तेव्हा ब्लोअर धडधडत असायचा. जिवाणू खायला लागले की हवाही खातात, हे मला तोंडपाठ होतं. रजिस्टरच्या पहिल्या पानावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं.

दहाला वीज गेली. मी पाचला परत आलो, खांद्यावर कॅन. दार उघडं होतं. टाकीचं पाणी दुधासारखं पांढरं झालं होतं, पलीकडची भिंत दिसत नव्हती. टाकीशेजारी स्टुलावर बा बसला होता. त्याच्या हातात तांब्या. तो पाणी उचलत होता, हातभर वर नेत होता आणि वरून ओतत होता. उचलायचा, ओतायचा. सदरा खांद्यापर्यंत भिजला होता. खाली फरशीवर ओल्या फडक्यावर एक जिताडा मेलेला पडला होता.

माझ्याकडे न बघता बा म्हणाला, "एक जेला. दुसरा वर तोंड काराय लागला तवा मना समजलं."

"कधीपासून बसलायस?"

"जेवलो नाय."

मी त्याच्या हातातून तांब्या घेतला. दहा मिनिटांत माझे हात भरून आले आणि तो पासष्टीचा माणूस दुपारपासून ओतत होता. साडेसहाला वीज आली, पंप घुरघुरला, आणि तोवर आम्ही आलटून पालटून ओतत राहिलो. मला रडू येत होतं आणि मी ते लपवलं नाही. बा म्हणाला, "पूर्वी लेकीच्या सासरी जिताडा न्याचा तं जित्ता न्याला लागं. हंड्यात. वाटंवर सगला वेल हात घालून पानी हलवाचा. पानी निजलं का मासा मेला." आणि मग थोड्या वेळानं, "कारखान्याची अक्कल कारखान्यात ठेव."

हे सगळं माझं पाप होतं, दुसऱ्या कुणाच्या माथी मारायची सोय नव्हती. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. आय संध्याकाळी बाजारातून आली, मेलेला मासा बघितला आणि म्हणाली, "दुसरा पन जाईल. त्याच्या आधी कालवन करते." कोळीवाडाही तेच म्हणत होता. दोघातिघांनी तर मसाला वाटायची तयारी दाखवली. मी म्हणालो, "करायचंच असेल तर आधी माझं करा." हे मी रागानं बोललो, पण मनापासून बोललो. एक मासा मी मारला होता. दुसरा मी मरू देणार नव्हतो, मग जगानं मला खुळा म्हटलं तरी चालेल.

दुसऱ्या दिवशीपासून पुन्हा अर्धा चमचा. रोज. दिवा लावून वीज आहे याची खात्री केल्यावर. आणि पुढच्याच आठवड्यात मी सकाळच्या पाळीला निघालो तर बा आधीच वाटीत साखर ढवळत बसलेला. तेव्हापासून साखर त्याची. त्याला चमच्याचं माप नको होतं. तो बरणीतला फेस बघायचा. फेस गडद आणि घट्ट असेल तर चमचा पुरा अर्धा, पातळ पांढरा असेल तर त्याहून कमी. मॅडमच्या पिवळ्या रंगापेक्षा तो दोन दिवस आधी सांगायचा की पाणी कुठे चाललंय. मी एकदा कौतुक केलं तर म्हणाला, "फेस बगूनच खारीत जाला टाकली."

तीन महिन्यांत काचेवरचं शेवाळ सुटून पडायला लागलं. पाणी असं झालं की आय म्हणाली, टाकीत पाणी आहे का हात घालून बघावं लागतं. जिताडा पुन्हा खायला लागला. अंगावर चांदी चढली, डोळा अंधारात लाल चमकायचा. दीडएक वर्षात तो हातभर झाला. बा घरात आला की तो त्या बाजूच्या काचेशी यायचा. मी आलो की यायचा नाही. कृतघ्न.

कारखान्यात मॅडमनी माझी बाटली तपासली, औषध टाकून उजेडात धरली. रंग जवळजवळ चढलाच नाही. त्यांनी पुन्हा तपासली. मग त्या हसून म्हणाल्या, "अहो, आपण बाहेर सोडतो त्या पाण्यापेक्षा तुमच्या जिताड्याचं पाणी कितीतरी बरं आहे." नेमके तेव्हा मॅनेजर साहेब लॅबच्या दारात होते.

साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते. कामापुरते गोड होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. मॅडम तिथेच रजिस्टर घेऊन बसल्या होत्या.

"काय रे, तुझ्याकडे जिताडा आहे म्हणे? केवढा झालाय?"

"दोन किलोच्या आसपास."

"वा! मंगळवारी प्रदूषण मंडळाचे मोठे साहेब येणारेत, आपलं पाणी तपासायला. त्यांना जिताडा म्हणजे जीव की प्राण. बाजारात बघ, मिळतच नाही हल्ली."

बाजारात जिताडा का मिळत नाही, हे त्या केबिनमधल्या तिघांनाही ठाऊक होतं. मी म्हणालो, "तो खायचा नाही साहेब. पाळलाय."

"अरे, मासा काय पाळतात? तुम्ही कोळी ना? सोमवारी घेऊन ये. तुझं पर्मनंटचं मी बघतोच आहे."

पर्मनंटच्या पत्राची मी तीन वर्षं वाट बघत होतो, आणि त्यांनी ते एका माशाच्या शेपटीला बांधलं. मी त्या वेळी जे बोललो ते आधी ठरवलेलं नव्हतं. मॅडमनी मला कधीतरी सांगितलं होतं की सोडलेल्या पाण्याची एक परीक्षा असते, त्यात मासा सोडून चार दिवस ठेवतात आणि जगतो का बघतात. आमच्याकडे ती परीक्षा फक्त कागदावर व्हायची.

मी म्हणालो, "आणतो साहेब. पण आधी तो आपल्या बाहेर जाणाऱ्या पाण्यात सोडतो. चार दिवस जगला तर मोठ्या साहेबांना द्या. मी स्वतः साफ करून देतो."

बोलून झाल्यावर मला भीती वाटली. साहेब 'बरं, सोड' म्हणाले तर? मी खरंच सोडणार होतो का? बा दुपारभर ज्याच्यासाठी पाणी ओतत बसला तो मासा मी बोलण्याच्या नादात त्या जांभळ्या पाण्यात घालवला असता. पण मी मान खाली घातली नाही. मॅडम रजिस्टरमधून वर न बघता म्हणाल्या, "सर, नका." साहेबांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "जा. कामाला लाग."

संध्याकाळी घरी मी बाला सगळं सांगितलं.

"सोडला असतास?"

"नाय."

"मंग बोललास कनाला?"

"ते हो म्हननार नाय, मला माहीत होतं. चार दिवस काय, तो चार तास जगला नसता. त्यांनाबी ठाऊक हाय."

बा काचेकडे बघत होता. जिताडा त्याच्यासमोर उभा. बा म्हणाला, "ठाऊक हाय तं आमच्या खारीत कनाला सोरतान?"

कारखान्याच्या पाण्याबद्दल इतक्या वर्षांत त्यानं मला विचारलेला तो पहिलाच प्रश्न. मी त्या पाण्यावर नोकरी करत होतो, मला उत्तर यायला हवं होतं. मी वहीचं पान फाडलं, तोच प्रश्न नीट मराठीत लिहिला, खाली माझी सही केली आणि बानं अंगठा उठवला.

मंगळवारी मोठे साहेब आले. पांढरा शर्ट, हातात रुमाल. पाणी बाहेर पडतं त्या तोंडाशी ते उभे होते आणि बाटली भरून द्यायचं काम माझं होतं. मी बाटली भरली, त्यांच्या हातात दिली, आणि विचारलं, "साहेब, या पाण्यात मासा जगत नाही हे आपल्याला सगळ्यांना माहीत आहे. मग हे खाडीत का सोडतात?"

मॅनेजर साहेबांचा चेहरा मी बघितला नाही, बघायची हिंमत नव्हती. मोठे साहेब म्हणाले, "तुम्ही कोण?"

"खाडीवरचा."

"असं तोंडी चालत नाही. लेखी द्या."

मी खिशातून कागद काढून दिला. त्यांना तो अपेक्षित नव्हता. त्यांनी घडी उघडली, वाचला, अंगठ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं आणि तो शर्टाच्या खिशात ठेवला. पुढे त्या कागदाचं काय झालं ते मला कधीच कळलं नाही. मला त्याच आठवड्यात बॉयलरवर टाकलं. पर्मनंटचं पत्र आलं नाही, पुढच्या वर्षी मी ती नोकरी सोडली, आणि नाला तेव्हाही रंग बदलत होता. मी काही जिंकलो असं म्हणत नाही.

त्या मंगळवारी घरी आलो तेव्हा बा दारातच होता. त्यानं कागदाचं विचारलं नाही, मोठे साहेब काय म्हणाले तेही विचारलं नाही. एवढंच विचारलं, "मग खाल्लं काय त्यानं?"

"पापलेट. कुठूनतरी मागवलं."

होडी विकल्यापासून बा लोकांत फारसा जात नसे. त्या संध्याकाळी त्यानं सदरा चढवला आणि अख्ख्या कोळीवाड्यात घरोघर जाऊन एकच गोष्ट सांगितली, "सायबानं जिताडा मागला. आमी नाय दिला."